अनुश्रीच्या अहवालावर माझी सही

तेलीबांधा, रायपूर

चि. विनोदिनीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. जर्मनीतल्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे माझे ब्लडप्रेशर गोळी घेतली की बरे असते. सध्या घेऊनही बरे नाही, आणि त्याला कारण तुझी नात आहे. चि. अनुश्रीचे परतीचे तिकीट जितक्या लवकरचे मिळेल तितक्या लवकरचे करून घे.

तूच फोनवर म्हणालीस, पोरीला परदेशात इंटर्नशिप करायचीच आहे तर रायपुरात करू दे, तुझ्या घरी राहून तिचे मराठी सुधारेल. मी (भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी टिकवून धरलेल्या घराण्यातला, शिवाय इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष) छाती फुगवून हो म्हटले. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तिची सोय लावली. पहिल्या सकाळी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला भूक लागली आहे." आमची सूनबाई चित्रा म्हणाली, "बैठो बेटा, अभी देती हूँ." पाहुणा आला की आमचे घर हिंदीत शिरते, चांगले कप बाहेर काढावेत तसे. त्यात पोरीला हिंदीचा गंध नाही. कारखान्यात गेली तर तिथला फोरमन नत्थू छत्तीसगढी बोलणारा. पंधरा दिवसांत ती फक्त 'हव', म्हणजे 'हो', एवढेच शिकली, आणि आता मी काहीही विचारले तरी 'हव' म्हणते.

मग मी तिला मंडळात नेले. मराठी वाचवण्यावर माझे पाऊण तास भाषण झाले आणि ही पहिल्या रांगेत वही घेऊन बसलेली. (मध्येच माइक बंद पडला तेव्हा मी माइकवाल्याला जे बोललो, ते तिने कशाला लिहून घ्यायचे?) तिच्या कॉलेजला म्हणे भाषेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात तिने लिहिले आहे, 'यजमान कुटुंबाचे मराठीवर अतिशय प्रेम आहे. वापर मात्र क्वचित आढळला.' आणि खाली यजमान म्हणून सही माझी हवी. मी म्हटले, हे आधी खोड. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, तुम्ही रागावतासुद्धा हिंदीत." मी ओरडलो, "किसने कहा?" सगळे घर हसले. विनी, बहात्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच घरात नापास केले गेले, याचा मला भयंकर संताप आला आहे. सही मी केलेली नाही आणि करणार नाही.

तुझा दादा,
नीलकंठ

ता. क. तिकिटाचे एवढ्यात काही करू नकोस. आमच्या विहंगला (चित्राचा मुलगा, सतरा वर्षांत माझ्याशी मराठीत एक वाक्य बोललेला नाही) शिकायला जर्मनीला जायचे आहे. अनुश्री त्याला जर्मन शिकवते, पण तिला हिंदी कळत नाही, म्हणून पोट्ट्याला सगळ्या शंका मराठीत विचाराव्या लागतात. परवा तो माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "आबा, गोळी काहून नाही घेतली? मम्मी केव्हाची सांगून राहिली ना?" मी लगेच गोळी घेतली. पोरीला दिवाळीपर्यंत राहू दे, कॉलेजशी तू बोल. सही केली आहे.

आणखी एक. चित्रा तुला फोन करून सांगेल की मी हल्ली रोज गोळी विसरतो. तिला म्हणावे, काळजी करू नकोस. विहंग रागावला की मी घेतो.