काटोलच्या पंपावर राहिलेली आई

बाबा, आपली स्कूटर रविवारी सुरू झाली. पाचसहा किका मारल्यावर झाली, पण झाली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पहिल्या किकले काहून नाही झाली?" आणि तिथेच प्लग काढून, पॉलिश पेपरनं घासत बसला असता. इतकी वर्षं ती जिन्याखाली पोत्यांनी झाकून पडली होती. आता नागपुरातल्या हौशी पोरांनी जुन्या स्कूटरवाल्यांचं एक मंडळ काढलंय. दर रविवारी सकाळी जमतात आणि कुणाला कुठल्या गावात कुठली गाडी सापडली, कुणी जुना हेडलाइट कुठून पैदा केला, याच बातम्या चघळतात. त्यांना आपल्या जिन्याखालचा पत्ता कसा लागला देव जाणे. दोघं आले, कार्ब्युरेटर धुतला, टाकी झाळली आणि आईचा डबाभर चिवडा संपवून गेले. अगदी तुमचीच टोळी, फक्त पोटं कमी आणि केस जास्त.

तुमची टोळी आपल्या अंगणासमोर जमायची. ओळीनं स्कूटर लावून सगळे पुसत बसलेत, हातापेक्षा तोंड जास्त चाललंय, आणि चहाची दुसरी फेरी झाल्याशिवाय कुणी उठत नाहीये. बुकिंगचा नंबर कुणाचा लागला ही तर मोठीच बातमी. तुम्ही नोंदणी केली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि गाडी घरी आली तेव्हा मी पुढे उभी राहून हँडल धरण्याइतकी मोठी झाले होते. आईनं तिला ओवाळलं आणि त्याच आठवड्यात विचारलं, "मले शिकवान का?" ती तेव्हा सदरच्या शाळेत शिकवायची. सायकलरिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर भर उन्हात पायी. तुम्ही म्हणालात, "रनिंग-इन होऊ दे." नवं इंजिन सुरुवातीला हळूहळू चालवून जपायचं, हे तुम्हीच तिला तासभर समजावलं. तिनं पोळ्याला विचारलं, तर रनिंग-इन. संक्रांतीला विचारलं, तरी रनिंग-इन. ती पुढे विचारेनाशी झाली, पण शाळेतून आल्यावर चपला काढताना स्कूटरकडे बघायची ते मला दिसत होतं.

मग ती नरखेडची सहल. टोळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकांच्या मेहुण्याची तिकडे संत्र्यांची बाग होती आणि हिवाळ्यात सगळ्यांनी सहकुटुंब निघायचं ठरलं. काटोलच्या पंपावर आपणच मागे राहिलो, कारण पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं यात तुमचा पंपवाल्यावर काडीचा विश्वास नव्हता. बाकीचे पुढे गेले. ऑइल नीट मिसळावं म्हणून तुम्ही स्कूटर एका अंगावर कलती केली, सरळ केली, मला पुढे उभं केलं, "बस" म्हणालात आणि निघालात.

त्या दिवशी तुम्ही काय खुशीत होता! सारा रस्ता मागं न बघता तुम्ही आईशी बोलत होता, आणि मी तुमच्या दोन हातांच्या मध्ये वारं खात सगळं ऐकत होते. "तुले शिकाचंच असंन तं शिकवीन ना, मी काय नाही म्हणून राहिलो का? पण रनिंग-इन होऊ दे. बाईमाणसाच्या हातानं क्लच जळते." मागून काही उत्तर येईना. त्यावर तुम्ही समाधानानं म्हणालात, "पटलं ना? मले माहीत होतं पटंन म्हणून."

बागेत शिरलो तेव्हा काकांनी विचारलं, "वहिनी कुठी गा?"

तुम्ही अंगठ्यानं मागे खूण केलीत. मग वळून बघितलं. तुमचा तो चेहरा आठवला की मला अजून हसू आवरत नाही. मला काकांकडे सोपवून तुम्ही तसेच उलटे पळालात. वाटेत समोरून एसटी गेली तिच्याकडे तुमचं लक्षच नव्हतं. पंपावर कळलं, "बाई तं मघाच येष्टीनं गेल्या, साहेब." घामाघूम होऊन परत आलात, तर आई बागेत सतरंजीवर बसून निवांत संत्रं सोलत होती.

तिनं तुम्हाला काही विचारलंच नाही. मला विचारलं, सगळ्यांसमोर. "तुहे बाबा रस्त्यानं काय बोलून राहिले होते वं?"

मी सगळं सांगितलं, क्लचसकट. काका संत्र्याची फोड तोंडात ठेवताठेवता थांबले. "रनिंग-इन? अजून? थे तं मागच्या दिवाळीतच सरलं ना गा! तूच तं पेढे वाटले होते!"

आपल्या घरी त्यातला एकही पेढा आला नव्हता, बाबा.

टोळी इतकी हसली की तुम्हालाही हसावं लागलं. मग कान खाजवत तुम्ही आईला म्हणालात, "चाल. बस पुढं." तिनं पदर खोचला. बागेतल्या गाडीवाटेवर स्कूटर बेडकासारखी उड्या मारत गेली आणि एका संत्र्याच्या झाडाला टेकली. मडगार्डावर ओरखडा आला. तुम्ही त्यावर एकदा हात फिरवलात आणि म्हणालात, "पुन्हा." त्या पोरांना परवा तो ओरखडा बुजवायचा होता. मी बुजवू दिला नाही.

पुढे आई स्कूटरनं शाळेत जाऊ लागली. ती गल्लीतून वळेपर्यंत तुम्ही फाटकात उभे असायचा. "मीच लेकाचा हिले इसरलो," हा किस्सा तुम्ही प्रत्येक लग्नात रंगवून सांगितलात. आणि आई मागे बसायची तेव्हा किक मारण्याआधी शेवटपर्यंत विचारत राहिलात, "बसली ना?"

रविवारी पोरं गेल्यावर आई ओट्यावर बसून स्कूटरकडे बघत होती. एकदम म्हणाली, "त्या दिवशी सीटवर हात ठेवला होता वं मी. मंग काढून घेतला. हाक मारली असती तं थांबलेच असते ते." मी विचारलं, "काहून नाही मारली गं?"

"त्यायच्या रनिंग-इनले कंटाळली होती मी." मग ती तोंडाला पदर लावून हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "पण तुह्या बाबाले नको सांगू हं. जन्मभर सोतालेच दोष देत राहिले बिचारे."

मी नाही सांगत म्हटलं. म्हणून हे पत्र डिकीतच राहील. नंतर तिला गल्लीत एक चक्कर मारायला नेलं. किक मारण्याआधी माझ्याही तोंडून निघालं, "बसली ना?" मागून काहीच आवाज आला नाही. मागे वळून बघायची माझी हिंमत होईना, बाबा. मग खांद्यावर तिचा हात पडला.

"बसली वं. चाल."