मधली हातभर जागा

२३ जानेवारी १९९४, रविवार

कस्तुराचं कार्ड आलं होतं — 'विद्यापीठाला नाव मिळालं. फाटकापुढं तुझ्यासोबत एक फोटो पाहिजे.' सोळा वर्षांनी! गेले. भावानं, वैजनाथनं, दुबईहून पाठवलेला कॅमेरा नेला, आपोआप फोकस करणारा. तिची भाची भागू वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून आली होती. तिनंच काढला.

'बाई, जवळ सरका की जरा.'

'आहे तिथं ठीक आहे.'

कस्तुरा हसली. 'असू दे गं. होस्टेलातसुद्धा या उमीनं दोन खाटांमध्ये टेबल ठेवलं होतं.'

माफी मागायची होती. मागितली नाही.

३१ जानेवारी

फोटो आले. आम्ही दोघी पुसट. मागची नव्या नावाची पाटी मात्र अक्षर न् अक्षर स्वच्छ. छावणीतल्या स्टुडिओवाल्या त्रिंबकला झापलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, 'कॅमेरा मधल्या चौकोनातच बघतो, बाई. तिथं माणूस नाय, मग मागचं धरतो. त्यात सांजेचा उजेड कमी. आधी एकीच्या तोंडावर धरायचं, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग दोघींवर आणायचं. नायतर सोपं हाय — चिकटून उभं राहायचं.'

हातभर जागा. ती मीच ठेवली.

अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत तिच्या भावाचं घर जाळलं. भागू तेव्हा पाच वर्षांची. त्याच आठवड्यात मी कस्तुराला म्हणाले होते, 'नाव बदलून कुणाचं पोट भरणार आहे?' तिनं अर्धा चहा खाली ठेवला. उठून गेली.

१ फेब्रुवारी

फोटोची एक प्रत तिला टपालानं पाठवली. सोबत चिठ्ठी — 'हा फाडून टाक. रविवारी पाचला फाटकाशी ये. या वेळी चिकटून उभी राहीन. शिवाय एक बोलायचं राहिलंय.'

६ फेब्रुवारी, रविवार

पाच ते सात उभी होते. आली नाही. रागावली असेल. हक्क आहे तिला.

७ फेब्रुवारी

सकाळी भागू दारात. कस्तुरा शुक्रवारी गेली. झोपेतच.

८ फेब्रुवारी

तिच्या घरी गेले. फोटो आरशाच्या चौकटीत खोचलेला. भागू म्हणाली, 'तुम्ही फाडा म्हणून लिहिलं, तर आत्या म्हणली — येडी का काय ही? नाव बघ कसं लख्ख आलंय. आम्ही पुसट आलो तर येऊ दे.'

फोटोतल्या पाटीवरचं पूर्ण नाव वाचलं. मोठ्यानं. पहिल्यांदाच.