न झालेली कावीळ

अण्णा, कावीळच का सांगितलीत? टायफॉइड सांगायचा, पंधरा दिवसांत मिटलं असतं. पण तुम्हाला सहा महिने भरून काढायचे होते, आणि एकदा बोललात की तुम्ही मागे फिरणारे नव्हता. पोरगा मिरजेला मामाकडे आहे, कावीळ उलटलीय, असं सगळ्या रिक्षा स्टँडला सांगून बसलात. मी होतो व्यसनमुक्ती केंद्रात, गांजा आणि गोळ्या सोडवायला. घरी आलो तर आईनं पुढ्यात ठेवली बिनतेलाची, बिनहळदीची भाजी. म्हटलं, मला काय झालंय? तुम्ही दाराकडे बघत हळू म्हणालात, "कावीळ झालीय. खा गप." आणि तसलंच ताट घेऊन शेजारी बसलात, महिनाभर. शेजारच्या काकूंनी काविळीची माळ आणून माझ्या डोक्यावर ठेवली. ती वाढत वाढत गळ्यात आली, मग छातीवर. काकू म्हणाल्या, "बघा भाऊजी, उतरली." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू खरंच काहीतरी उतरलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ते बघणं काही गेलं नाही.

आता मी आयर्लंडमध्ये आहे, डब्लिनजवळच्या टॅला गावात. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स, तिच्यामागं मी आलो. तिला लग्नाआधीच सगळं सांगितलंय, तुम्ही असता तर सांगू दिलं नसतंत. नववी नापासाला मिळतं ते करतो, गोदामात खोकी उचलतो. एका जागी बसवत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. मध्यंतरी विमानतळावर माल चढवायचं काम चालून आलं. पगार बरा, पण आत जायचा पास मागचं सगळं तपासल्याशिवाय देत नाहीत. चौकशीवाल्या बाई आईच्या वयाच्या. विचारतात, कधी ड्रग्ज घेतलीस का? आणि शाळा सुटल्यावर हे सहा महिने कुठं होतास? आणि माझ्या तोंडातून तुमचाच आवाज येतो. ड्रग्ज कधीच नाही. कावीळ झाली होती. त्या म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे इथलं ठीक आहे, "डॉक्टरचा कागद तेवढा पाठव."

माळेचा कागद कुठून आणू, अण्णा?

गोदामाचा मुकादम इथलाच म्हातारा, त्याला सांगितलं. तो हसायलाच लागला. "जुना गांजा? अर्ध्या डब्लिननं ओढलाय तो. किती वर्षं झाली, अजून घेतोस का, एवढंच बघतात. पण खोटं बोलणाऱ्याला विमानाजवळ कोण जाऊ देईल रे?" त्या दिवशी जेवायला आमटी होती, चांगली पिवळी. समोरच्या खुर्चीवर तुम्ही बसलेले दिसलात, तेच पांढरं ताट घेऊन. तुम्ही दाराकडे बघितलंत. मी आमटी तशीच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या बराच वेळ लिहीत होत्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत परत घेतलं नाहीस, तेवढ्यानं काही अडलं नसतं. पण काल खोटं का बोललास? आता मला ते लिहावं लागतंय." मी म्हटलं, वडिलांनी तसं सांगितलं होतं. त्यांनी मान वर केली. "त्यांच्याशी बोलता येईल का?"

नाही म्हटलं. कळवू म्हणाल्या. अजून काही आलं नाही. फोन वाजला की हातातलं खोकं ठेवून धावतो, आणि फोन करणारी निघते आई. काकूंना सांगायची तिला घाई झालीय, झालं का रे तुझं विमानतळाचं? तुमच्यावर एवढं तोंड टाकलं, पण मागच्या आठवड्यात मीही दाराकडे बघितलं आणि म्हटलं, झालं. गोदामाच्याच पगारातले आहेत, पण तिला विमानतळाचा पहिला पगार म्हणून आज पाठवतोय, दोनशे युरो.