महेशच्या ताटातलं तूप

रविवार, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

सुजाताच्या कॉलेजची मानसशास्त्राची परिषद होती माणगावला. "आई, मी बोलणार आहे, ये की," म्हणाली, म्हणून गेले. मागे बसले.

ती एका घराबद्दल बोलली. मुलगा समुद्रात बुडाला, आई अजून रोज त्याचं ताट वाढते, देवाच्या नैवेद्यानंतर, बाकीच्यांच्या आधी. नाव घेतलं नाही, पण ताट आमच्या महेशचंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान मला विचारायचंस, पोरी.

कोणीतरी विचारलं, "त्या आईला समजवायचं कसं?"

सुजाता म्हणाली, "आईचं राहू दे. त्या ताटासमोर रोज जेवणाऱ्या बहिणीला कोणी विचारलंय, तुला भाऊ आठवतो का?"

एसटीत मनात तेच घोळत होतं. खरंच मी कधीच विचारलं नाही? नऊ वर्षांत?

संध्याकाळी ताट वाढलं. तूप जेमतेम असतं, ते देवाला आणि त्याला. मग धीर करून विचारलं, "सुजे, तुला आठवतो गं महेश?"

"त्याला तूप आवडायचंच नाही, आई. तुझी पाठ वळली की माझ्या भातावर ओतायचा."

पांडुरंगा, नऊ वर्षं माझी पोर त्या तुपाकडे बघत कोरडा भात जेवली.