डाव्या गालावरचा उजेड

प्रिय आईला धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. हॉस्पिटलातली ड्यूटी सध्या सकाळची आहे आणि जेवण वेळेवर होतं, तेव्हा काळजी नको.

व्हिडिओ कॉलवर चेहरे काढायचा सराव चालू आहे. दादाचं नाक अखेर जमलं. वहिनी म्हणते, "खऱ्यापेक्षा बरं आलंय!" तुझं चित्र मात्र सारखं खोडावं लागत होतं. आपल्या घरी उजेड तुझ्या उजव्या गालावर पडतो, आणि हल्ली तो डाव्या गालावर पडत होता. अण्णांना बोलाव म्हटलं, की ते कायम आंघोळीला गेलेले!

राहवेना, म्हणून मावशीला फोन केला. ती आधी आढेवेढे घेत होती. मग म्हणाली, "तुझी आई माझ्याकडेच आहे गं. इथून दवाखाना जवळ. अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने."

आई, मी इथे दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांना उठवते, बसवते, घास भरवते. आणि माझे वडील? तेव्हापासून हातात ब्रश धरवत नाही.

मावशीवर रागावू नकोस. अण्णा आता घरात चालतात म्हणे, खरं ना? टाके दुखतात का? तू धड जेवतेस ना?

फोनवर रडू फुटेल, म्हणून लिहिते आहे. पत्र मिळालं की पहिल्याच रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉलवर समोर बसव. दाढी वाढली असेल तर वाढू दे. जसे दिसतात तसेच मला काढायचे आहेत.

तुझीच,
धाकटी