बगलेतली पिन

माय, ती पिन तू मले लावलीच कायले? काल तुझी नात मले म्हणते, "आई, तुझे खांदे कानाले चिकटून राह्यले न! तुझं पाहून मीही चुकून राह्यली." तू गेली तेव्हा ही पोटातही नव्हती, म्हणून सांगते. ती बॅले शिकते. विदेशी नाच आहे, पायाच्या बोटांवर उभं राहून करायचा. दारव्ह्याहून बसनं यवतमाळला मॅडमकडे जाते. पाय तिचे चांगले आहेत, अडलं ते हातांवर. हात डोक्यावर न्यायचे, पण खांदे खाली, मान मोकळी, छाती उघडी. हात पाठीतून उचलायचा, कोपरात जराशी गोलाई, मोठं गाठोडं कवेत घेतल्यासारखी. हिचे खांदेच आधी वर जातात. रविवारी नागपूरच्या कार्यक्रमासाठी पोरी निवडणार आहेत, न् मॅडमनं तोंडावर सांगतलं, "खांदे असेच राहिले तर तुला घेणार नाही."

आमच्या घरी मोठा आरसा नाही. मॅडम म्हणाल्या, घरातलं कोणी समोर उभं कर, तुझ्यासोबत करायला लाव. बाप तिचा कापसाच्या जिनिंगवर कामाले, उरली मी. म्हणून रोज संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी मी तिचा आरसा होते. न् आरसाच वाकडा.

भुलाबाईची ती संध्याकाळ आठवते का तुले? अंगणात आम्ही पोरी टिपऱ्या खेळून राह्यलो. मी टिपरी पार डोक्यावर नेऊन वाजवते, तिथं आवाज खणखणीत निघतो. तुझा भाऊ ओट्यावर बसून दूध पिऊन राह्यला. म्हणतो, "बाई, पोट्टी जवान झाली वं तुझी. पाह्य कशी छाती काढून नाचते!" सगळे हसले. तूही हसली, माय. मी पाहिलं. न् त्याले दुधाचा दुसरा गिलास दिला. सकाळी मले चुलीपुढं उभं केलं न् ओढणी बगलेजवळ आतून पिनेनं टाचली. हात खांद्याच्या वर गेला की टोचायची. मी म्हटलं, "माय, टोचते." तू म्हटलं, "टोचली म्हणजे ध्यानात राहीन." शाळेत मी फळा अर्धाच पुसायची. वरचं तसंच राहे, न् बाई मले आळशी म्हणे. दोन वर्षांत शाळा सुटली, पिन नाही सुटली.

लग्न झाल्यावर कपडे वाळवायची दोरीही मी छातीएवढीच बांधून घेतली. नवरा म्हणे, "हे काय, बकरी बांधाची का इथं?" येणारा-जाणारा वाकून जायचा. पोरगी त्याच दोरीवर फ्रॉक टाकत मोठी झाली. परवा मी ती दोरी वर बांधून घेतली, म्हटलं सवय होईल. ओलं लुगडं टाकायले हात नेला, तर बगलेत टोचलं. मी चाचपून पाहिलं. ब्लाउजले पिन नव्हती, माय. पोरगी म्हणते, "खांदे खाली, आई." खांदे खाली घेतले की माझे हातही खाली येतात. ती माझ्याकडे पाहते न् तसंच करते.

हा कागद कुठं टाकणार मी! पिठाच्या डब्याखाली राहील. एक मात्र सांगून टाकते. तुझ्यासारखीच मीही बांगडीत पिन अडकवून ठेवते, काटाबिटा काढायले. आज सकाळी पोरगी बससाठी निघाली, तिच्या कुर्त्याचा गळा जरा मोठा वाटला, न् माझा हात बांगडीकडे गेला. पिन काढली नाही मी. पण हात गेला.

मामाही आता नाही. त्याचं मले काही विचारायचं नाही, तुले विचारायचं आहे. त्याले एक शब्द काहून नाही बोलली? शनिवारच्या संध्याकाळपर्यंत उत्तर दे. रविवारी पहिल्या बसनं निघायचं आहे, न् त्याच्या आधी मले एकदा तिच्यासमोर सरळ उभं राहायचं आहे.