शॉनाचं घुबड

प्रिय शॉना,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा थांबलं, खोटं कशाला बोलू? चार वर्षं झाली गेलनशी माझं लग्न होऊन. तू सोडून गेलेल्या स्वयंपाकघरात मी रांधते, तुझ्या लेकीच्या, ब्रिनच्या वेण्या घालते, आणि गावातली माणसं अजून मला 'गेलनची नवी बायको' म्हणतात. चार वर्षांत नवा पडदासुद्धा जुना होतो गं.

त्यात ऑक्टोबर लागला की माझ्या पोटात दुखायला लागतं, ते तुझ्या घुबडाच्या सोंगामुळे. हॅलोविनच्या सोंगांची मिरवणूक जवळ आली की जो तो सुरू होतो. शॉना काय घुबड करायची, खऱ्या कोंबडीची पिसं लावलेली, मान अशी गर्रकन फिरायची की पोरं किंचाळायची. शेजारच्या यॉडरबाई तर माझ्याच हातचं मक्याचं सूप ओरपत मला हे ऐकवतात. तू टूसॉनला निघून गेलीस आणि घुबड आमच्या गॅरेजमध्ये टांगून ठेवलंस. मागच्या वर्षी मी भोपळा झाले, त्याच्या आधी चेटकीण. कुणी ढुंकून पाहिलं नाही. यंदा ठरवलं, तेच घुबड घालायचं आणि तुझ्यापेक्षा झकास नाचायचं. परीक्षकांच्या टेबलापुढे सगळे मुखवटा काढून नाव सांगतात, तिथे आपणही काढायचा. घुबडाच्या आतून डार्ला निघालेली सगळ्या गावाने एकदा बघावी, एवढीच माझी हाव होती. घरात कुणाला बोलले नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन ते अंगावर चढवलं. तुझ्या मापाचं, मला काखेत काचत होतं. मुखवट्याला आतून तुझ्या लिपस्टिकचा डाग अजून तसाच आहे. मेन स्ट्रीटवर वळले मात्र, आणि दोन्ही बाजूंच्या घडीच्या खुर्च्यांमधून गलका उठला, शॉना आली, अगं शॉनाच ती! मी मान फिरवली, पंख झोडपले, गुडघा दुखत होता म्हणून डावा पाय ओढत ओढत नाचले. मी जितकी चांगली नाचत होते तितकी तुझी वाहवा वाढत होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढे गेलन आगीचा बंब चालवत होता. त्याने आरशात पाहिलं आणि भोंगा वाजवला. माझ्यासाठी त्याने आजवर कधी भोंगा वाजवलेला नाही.

तेवढ्यात मिरवणुकीतल्या शाळेच्या ट्रेलरवरून वटवाघूळ झालेली ब्रिन खाली उतरली, धावत आली, आणि माझा पंख धरून मागच्या वर्गातल्या दोन पोरींना ठणकावून म्हणाली, "बघा, आली की नाही माझी आई?" शॉना, त्या क्षणी तू समोर असतीस तर तुझी पिसं उपटली असती मी. तापात उशाशी मी, गणिताला मी, दातांच्या डॉक्टरकडे मी. पण तिने माझा हात इतका घट्ट कधी धरला नव्हता. धरला तो तुझ्या नावाने. टेबल आलं. म्हटलं, आता कळू दे सगळ्यांना, तिलाही. मी मुखवट्याला हात लावला, तर ब्रिनने पंख खाली ओढला आणि अगदी हळू म्हणाली, "डार्ला, नको ना काढूस. त्या दोघी बघतायत."

मग नाही काढला. परीक्षकांनी दोनदा सांगितलं, मी नुसती मान फिरवून दाखवली आणि चालू लागले. बक्षीस फ्रिजचं खोकं घालून आलेल्या एका रोबोला मिळालं. नंतर गाडीत बसल्यावर ब्रिनने सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये तू फोनवर म्हणालीस की मिरवणुकीला येईन. तिने ते वर्गभर सांगितलं, आणि आठवडाभर पोरी तिला खोटारडी म्हणत होत्या. मी विचारलं, आत मी आहे हे तुला कळलं कधी? म्हणाली, "लगेच. तू डावा पाय कसा टाकतेस ते मला माहीत नाही का?" मी मुखवटा मांडीवर घेऊन बसले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. दुकानात लोक मला विचारतात, शॉना आली आणि न भेटताच गेली? मी म्हणते, हो, घाईत होती. गेलनला खरं काय ते सांगितलंय, पण भोंगा कुणासाठी वाजवला ते विचारायचा धीर झालेला नाही. यॉडरबाईंकडे तुझा नंबर आहे, त्या फोन करणारच. तेव्हा सांग की तू आली होतीस, घुबड तूच होतीस. त्या पोरीसाठी मी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट तुझ्या नावावर गेली, ती तशीच राहू दे. मला जळायचं तेवढं मी जळेन. फक्त पुढच्या वर्षी येईन, असं तिला फोनवर म्हणू नकोस. यायचंच असेल तर न सांगता ये.

तुझीच म्हणवत नाही, पण ब्रिनची,
डार्ला